पोराला फुटबॉल खेळू द्यावं का?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत क्रीडा समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोलणारं तोंड एक असलं तरी हे व्याख्यान आम्हा क्रीडा समितीच्या सगळ्यांचं आहे. गेले दोन महिने आम्ही रविवारी पोहे-जिलेबी खाता खाता याच विषयावर भांडलो, म्हणून "मी" न म्हणता "आम्ही" म्हणतो आहोत. चुकलं तर सगळे मिळून चुकलो असं समजा.

विषय निघाला तो एका प्रश्नावरून. आपल्याच मंडळातलं एक कुटुंब गेल्या वर्षी आमच्याकडे आलं. मुलगा चौदा वर्षांचा. पुण्याकडच्या एका निवासी फुटबॉल अकादमीच्या ट्रायलमध्ये त्याची निवड झाली होती. वडील म्हणाले, "तुम्ही क्रीडा समितीचे. सांगा, पाठवू की नको?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दहावीला पंच्याण्णव टक्के कसे मिळवावेत हे विचारलं असतं तर आमच्यापैकी प्रत्येकाने अर्धा तास सल्ला दिला असता. याबद्दल मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा माहिती काढली, ओळखीपाळखीच्यांना विचारलं, वाचलं. त्यातलं जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपण इंदूरचे मराठी लोक. आपल्याकडे खेळ म्हटलं की क्रिकेट. त्यात गैर काही नाही. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला; सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावं आपल्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात. पलासियातून चालत गेलं तरी होळकर स्टेडियम येतं आणि २०११ साली सेहवागने तिथे २१९ धावा केल्या तेव्हा आपल्यातले निम्मे लोक "मी तिथे होतो" असं सांगतात. पण फुटबॉल आपल्याला अगदीच परका आहे असंही नाही. इथून जवळच महू. छावणीचं गाव, म्हणून तिथे फुटबॉल आणि हॉकी पूर्वीपासून. त्या महू भागातले शंकर लक्ष्मण. लष्करात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आधी फुटबॉल खेळायचे, मग हॉकीकडे वळले आणि भारताचे गोलकीपर झाले. १९५६ आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं, मधलं १९६० चं रौप्यपदक. नंतर संघाचे कर्णधारही झाले. आपल्या शेजारच्या गावचा हा माणूस आपल्या मुलांना माहीत नाही, याची लाज आम्हाला हे व्याख्यान तयार करताना वाटली.

मराठी माणूस आणि फुटबॉल म्हटलं की मात्र कोल्हापूरला जावंच लागतं. इथे बसलेल्यांपैकी काहींची सासुरवाडी तिकडची आहे, त्यांना सांगायला नकोच. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो आणि संघाच्या नावात तालीम असते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. ज्या आखाड्यात कुस्ती चालायची त्याच मंडळांनी फुटबॉल उचलला. छत्रपती घराण्याचा आश्रय मिळाला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि हा खेळ गावाचा झाला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुपारी दुकानांतली गिऱ्हाइकं कमी होतात, असं तिकडचे पाहुणे सांगतात. सामन्याआधी चौकात आणि सामन्यानंतर पुन्हा चौकात, अशी दोनदा मॅच होते. कधीकधी ती चौकातली मॅच जास्त तापते, हेही खरं.

आता गंमत अशी, की इतकं वेड असूनही कोल्हापुरातून देशाच्या मोठ्या व्यावसायिक संघांत पोचलेले खेळाडू थोडेच. असं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्या समजुतीप्रमाणे कारण असं, की गर्दी, बक्षिसं, मान सगळं मोठ्यांच्या सामन्यांना होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला वर्षभर आपल्याच वयाच्या, आपल्याच तोडीच्या मुलांशी नियमित सामने खेळायला मिळणं, ही सोय कमी होती. पोरगं गल्लीत खेळायचं, शाळेच्या दोन स्पर्धा खेळायचं आणि एकदम सतराव्या वर्षी दांडग्या माणसांच्या संघात जायचं. मधली पाच वर्षं गळून जायची. संगीतात असं कधी होत नाही. आपल्या क्लासमध्ये मूल प्रारंभिक परीक्षेपासून विशारदपर्यंत पायरीपायरीने जातं. फुटबॉलमध्ये मधल्या पायऱ्याच नव्हत्या.

या पायऱ्या म्हणजेच युवा लीग. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आपल्याला स्पर्धा माहीत असते ती बाद पद्धतीची. हरलात की घरी. शाळांच्या स्पर्धा बहुतेक अशाच. एखादं पोर वर्षभर सराव करतं आणि दोन सामन्यांत त्याचा हंगाम संपतो. लीगमध्ये हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरायचं असतं. मुलाला शिकायला मिळतं ते याच पुढच्या आठवड्यात. आधीच्या सामन्यात डावा पाय वापरला नाही म्हणून चेंडू गेला, आता वापरून बघ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १३, १५ आणि १७ वर्षांखालील मुलांसाठी अशा राष्ट्रीय लीग सुरू केल्या. आधी जवळच्या संघांशी विभागीय फेऱ्या, मग त्यातले वरचे संघ राष्ट्रीय फेरीत. भाग घ्यायचा तर अकादमीला महासंघाची मान्यता लागते, आणि मान्यतेत तारे असतात, हॉटेलांना असतात तसे. मैदान कसं, प्रशिक्षकांकडे परवाना कोणता, राहण्या-जेवणाची सोय काय, हे पाहून तारे मिळतात.

वयाचीही तपासणी होते. आपल्याकडे जन्मदाखल्यावर तारीख पुढेमागे करण्याची कला जुनी आहे, म्हणून मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज घेतात. पालक रागावतात, पण आम्हाला ही गोष्ट पटली. पंधरा वर्षांखालच्या सामन्यात अठराचा पोरगा उतरला तर तो जिंकतो, आणि ज्याला खरंच शिकायचं होतं ते मूल खांद्याला धक्का खाऊन खेळ सोडतं.

वयाबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे एकाच गटात जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल एकत्र येतात. बाराव्या-तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंचीचा फरक पडू शकतो. त्यामुळे जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात असं दिसून आलं आहे. तुमचं मूल नोव्हेंबरचं असेल आणि निवड झाली नाही, तर लगेच "याच्यात दम नाही" असं म्हणू नका. कदाचित त्याचं शरीर अजून यायचं आहे.

सतरा-अठराच्या पुढची पायरी म्हणजे रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग. २०२२ मध्ये तिचा पहिला हंगाम गोव्यात झाला. आठ संघ, बहुतेक खेळाडू एकवीस वर्षांखालचे. बेंगळुरू एफसी पहिली, केरळ ब्लास्टर्स दुसरी. या दोघांना पुढे इंग्लंडला तिकडच्या क्लबांच्या युवा संघांशी खेळायला पाठवलं. त्यानंतर लीग वाढली आणि देशाच्या निरनिराळ्या विभागांत खेळली जाऊ लागली. याचा उपयोग काय होतो ते एका उदाहरणावरून कळेल. तमिळनाडूचा शिवशक्ती नारायणन त्या पहिल्या हंगामात बेंगळुरूच्या युवा संघातून खेळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ड्युरँड कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, आता सुनील छेत्रीच्या बरोबरीने, मुंबई सिटीविरुद्ध त्याने गोल केला आणि बेंगळुरूने करंडक जिंकला. एप्रिल-मेमध्ये मुलांत, सप्टेंबरमध्ये थोरांत. पायरी जागेवर असेल तर चढता येते.

आता आपल्या मराठी मुलाकडे येऊ. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जन्म २००० चा. कोल्हापुरातून निघून तो लहानपणीच बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, तिथून पुणे एफसीच्या अकादमीत, तिथून राष्ट्रीय संघाच्या शिबिरात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. भारत दिल्लीत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगने हेडरने मारलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात अनिकेत होता.

त्यानंतर काय झालं ते जास्त महत्त्वाचं. अशा स्पर्धेनंतर मुलं घरी जातात, सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळतं आणि वर्षभरात खेळ गंजतो. महासंघाने ते होऊ नये म्हणून त्याच मुलांचा "इंडियन ॲरोज" हा संघ मोठ्यांच्या आय-लीगमध्ये उतरवला. त्यांच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर ३-० असा विजय मिळाला आणि त्यात दोन गोल अनिकेतचे होते. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर आणि हैदराबादकडून खेळला आणि २०२२ मध्ये वरिष्ठ भारतीय संघाकडूनही. शाळा, प्रबोधिनी, क्लबची अकादमी, वयोगटाचा राष्ट्रीय संघ, ॲरोज, व्यावसायिक क्लब. एकही पायरी गाळली असती तर? आम्हाला वाटतं, कोल्हापुरात त्याच्याइतका गुणी मुलगा त्याच्या आधीही जन्मला असेल. त्याला पायऱ्या मिळाल्या नसतील.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की ही मंडळी आता "पाठवा हो पोराला" म्हणणार. थांबा. आता दुसरी बाजू.

ज्या पुणे एफसीच्या अकादमीत अनिकेत वाढला तो क्लब आज नाही. २००७ मध्ये सुरू झाला, दहा वर्षंही टिकला नाही. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीने घेतली, तर तोही क्लब २०१९ मध्ये बंद पडला आणि सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादकडे गेली. पुण्यातच डीएसके शिवाजीयन्सने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून निवासी अकादमी काढली होती. २०१७ मध्ये तो संघ आय-लीगमधून गेला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. गोव्यातल्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. इंडियन ॲरोजसुद्धा २०१० मध्ये निघाला, २०१३ मध्ये बंद, २०१७ मध्ये पुन्हा सुरू, २०२२ मध्ये पुन्हा बंद. आणि २०२५ च्या जुलैत तर सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगामच स्थगित ठेवत असल्याचं क्लबांना कळवलं, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार संपत आला होता आणि नवा झालेला नव्हता. वरचं छप्पर हललं की खालच्या पायऱ्यांवर उभी असलेली मुलं पहिली पडतात. क्लबाला पैसे कमी पडले की आधी युवा संघाचा खर्च कापला जातो. आपल्या घरात तंगी आली की आधी गाण्याचा क्लास बंद होतो, तसंच.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच परिसरातला एक मुलगा बाहेरगावच्या एका अकादमीत गेला होता. नाव त्याचंही सांगत नाही, अकादमीचंही नाही. ऐन हंगामात ती बंद पडली. जानेवारीत पोरगा बॅग घेऊन इंदूरला परत आला, दोन महिन्यांवर दहावी. त्याचं एक वर्ष गेलं. त्याच्या आईवडिलांनी त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. पण आपण? गणपतीत, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत आपण काय म्हणालो? "सांगत होतो ना." "फुटबॉलने कुणाचं पोट भरलंय?" त्या पोराने दोन वर्षं मंडळात पाऊल टाकलं नाही. आम्ही क्रीडा समितीवाले, आमच्यातला एकही त्याच्या घरी गेला नाही. अकादमी का बंद पडली हे आमच्या हातात नव्हतं. तो परत आल्यावर त्याला कसं घ्यायचं, हे मात्र पूर्णपणे आमच्या हातात होतं.

आज तो बँकेत नोकरी करतो आणि रविवारी सकाळी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. हे व्याख्यान करताना आम्ही त्याच्याकडे गेलो, उशिरा का होईना. विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" तो म्हणाला, "गेलो त्याचा नाही. परत आल्यावर लपून बसलो त्याचा होतो." यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

म्हणून आता हिशेब मांडू, आपल्या लोकांना हिशेब आवडतो. सुपर लीगमध्ये २०२४-२५ मध्ये १३ संघ होते. प्रत्येक संघात पंचवीस भारतीय खेळाडू धरले तर सव्वातीनशे जागा. एकशे चाळीस कोटींच्या देशात. त्यातल्या बऱ्याच जागा आधीच भरलेल्या. म्हणजे युवा लीग खेळणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असायला हवं. जी अकादमी पालकांना हे सांगत नाही तिच्यापासून दूर राहा. जी सांगते आणि तरी मुलाला चांगलं शिकवते, तीच खरी.

जर्मनीचं उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटलं. २००० च्या युरो स्पर्धेत त्यांची नाचक्की झाली. त्यांनी आपल्या मोठ्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली आणि चौदा वर्षांनी, २०१४ मध्ये, विश्वचषक जिंकला. चौदा वर्षं! आपण चौदा महिन्यांत निकाल मागतो. आणि तिथेही ते थांबले नाहीत. १७ आणि १९ वर्षांखालच्या त्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये संघ खालच्या गटात ढकलले जाण्याची भीती होती. त्या भीतीने प्रशिक्षक मुलांना घडवण्यापेक्षा सामना वाचवायला बघत. नाजूक पण हुशार मुलगा बाकावर आणि धिप्पाड मुलगा मैदानात. २०२४ पासून त्यांनी नवी लीग आणली आणि मान्यताप्राप्त अकादम्यांसाठी ही भीतीच काढून टाकली. मुलांच्या लीगमध्ये गुणतक्ता नोकर असावा, मालक नव्हे, हे त्यांना पटलं. आपल्या शाळांनाही हे पटायला हरकत नाही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. ज्यांच्या घरी असा प्रश्न येईल त्यांनी अकादमीला काय विचारावं?

पहिलं, वर्षाला मूल किती सामने खेळेल? सराव किती तास हे सगळे सांगतात, सामन्यांचा आकडा विचारा. संघात चाळीस मुलं आणि सामने दहा, तर तुमचं मूल बाकावर बसून पाणी वाटणार.

दुसरं, प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे आणि तो तिथे किती वर्षं आहे? दर सहा महिन्यांनी कोच बदलत असेल तर शिकवणार कोण?

तिसरं, शाळा कोणती? जवळच्या शाळेशी व्यवस्था आहे की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायची? दोन्ही चालेल, पण संध्याकाळी अभ्यास घेणारं माणूस तिथे आहे का, ते डोळ्यांनी पाहून या. मुदपाकखानाही पाहा. वाढत्या वयात दिवसाला दोन सराव करणारं पोर नुसत्या भात-आमटीवर राहत नाही.

चौथं, दुखापत झाली तर खर्च कोणाचा आणि काळजी कोण घेणार? गुडघा गेला तर मुलाला घरी पाठवून देतात की बरा होईपर्यंत सांभाळतात?

पाचवं, कागद. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आपल्या मंडळात वकिलांची वाण नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे अठराखालचा खेळाडू तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करू शकत नाही. अठराखाली परदेशी क्लबात बदलीही, मोजके अपवाद सोडले तर, होत नाही. तेव्हा "दोन लाख भरा, पोराला युरोपात ट्रायल देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

आणखी एक नियम आम्हाला फार आवडला. खेळाडूची परदेशी क्लबात पैसे देऊन बदली झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्यांनी ज्यांनी त्याला घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. म्हणजे बाराव्या वर्षी ज्या छोट्या क्लबाने त्याला पास द्यायला शिकवलं, त्याचाही वाटा. गुरुदक्षिणा आपल्याकडे भावनेची गोष्ट आहे, त्यांनी ती नियमात लिहून ठेवली. म्हणून मुलाची नोंदणी लहानपणापासून व्यवस्थित ठेवा.

मुलींचा प्रश्न समोरच्या रांगेतल्या काकूंनी चिठ्ठी पाठवून विचारला आहे. बरोबर विचारला. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला, त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. आपल्या मुली तिन्ही सामने मोठ्या फरकाने हरल्या. कारण तेच, पायऱ्या. मुलींना खेळायला मिळणारे सामने मुलांपेक्षाही कमी. आपल्या रविवारच्या वर्गात सध्या मुली येतात, हे या मंडळाच्या जमेची बाजू आहे. त्यांना "संध्याकाळ झाली, घरी ये" असं भावाच्या आधी अर्धा तास सांगू नका, एवढीच विनंती.

आपल्या मध्य प्रदेशातच शहडोल जिल्ह्यात विचारपूर नावाचं आदिवासीबहुल गाव आहे. त्या गावातून इतके फुटबॉलपटू निघाले, की लोक त्याला "मिनी ब्राझील" म्हणतात. २०२३ मध्ये पंतप्रधानांनीही "मन की बात"मध्ये त्याचा उल्लेख केला. त्या गावाकडे आपल्यासारखी सभागृहं नाहीत, स्मरणिका नाहीत, जाहिरातदार नाहीत. मैदान आहे, शिकवणारा माणूस आहे आणि पोरांना खेळू देणारी घरं आहेत. या तीन गोष्टींपैकी आपल्याकडे किती आहेत, हे प्रत्येकाने घरी जाऊन मोजावं.

शेवटी त्या कुटुंबाला आम्ही काय सांगितलं? ज्या प्रश्नांची यादी वर सांगितली ती आम्ही त्यांच्यासोबत बसून तयार केली. आमच्यातले दोघे वडिलांबरोबर अकादमी पाहायला गेले. तीन प्रश्नांची उत्तरं चांगली मिळाली, एकाचं बरं, एकाचं नीट मिळालं नाही. मुलाला विचारलं, त्याचं उत्तर आधीपासून ठरलेलं होतं. मग आम्ही म्हणालो, "पाठवा. पण दोन वर्षांची मुदत ठरवा, दहावीची तयारी सोडू नका आणि परत यावं लागलं तर ते हरणं नाही, हे त्याला निघायच्या आधी सांगा." आजी म्हणाल्या, "आणि हे तुम्ही मंडळालाही सांगा." म्हणून आज इथे उभे आहोत.

पोरगा इंदूर-पुणे गाडीने गेला. त्याच्या डब्यात आजीने दिलेली शेव होती, ती पुणं यायच्या आधी संपली असं कळलं. अकरा महिने झाले. युवा लीगमध्ये त्याचा संघ खेळतो आहे. तो अजून पहिल्या अकरांत नाही. चार सामन्यांत शेवटची वीस-वीस मिनिटं उतरला. गोल नाही. डावा पाय सुधारला आहे, असं त्याच्या कोचने कळवलं. तो पुढे सुपर लीग खेळेल का? माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. त्याची आई इथे बसली आहे. वहिनी, तुम्हाला आम्ही खोटा धीर देणार नाही.

पण एक शब्द देतो, समितीच्या वतीने आणि तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत तर मंडळाच्या वतीने. तो मोठा खेळाडू होऊन आला तर आपण ढोल-ताशे लावू, ते कुणीही लावतं. तो गुडघा बांधून, बॅग घेऊन, एखाद्या जानेवारीत गुपचूप परत आला, तर त्याला स्टेशनवर आणायला आमच्यातले चौघे जातील. त्याच संध्याकाळी त्याच्या हातात रविवारच्या वर्गाची शिट्टी देऊ आणि अभ्यासाला आपल्यातलेच दोन मास्तर देऊ. मागच्या वेळी जे केलं नाही ते या वेळी करू.

गणपतीला आपण दहा दिवस आणतो आणि निरोप देताना "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो. मूर्ती पाण्यात जाते, तरी येणाऱ्याची वाट आपण वर्षभर बघतो. घराबाहेर पाठवलेल्या पोरांचीही तशीच बघू या.

हात वर आले. गणपती बाप्पा मोरया!